न आलेल्या रुग्णांची मोजदाद : डॉ. हान्स रॉसलिंग यांचे कार्य

वैद्यकशास्त्र आणि सांख्यिकी ही दोन शास्त्रे सामान्य माणसाला एकमेकांपासून फार दूरची वाटतात. डॉक्टर म्हणजे नाडी पाहणारा, औषध देणारा, वेळप्रसंगी चाकू चालवणारा माणूस. सांख्यिकी म्हणजे तक्ते, टक्केवारी आणि सरासरी. एक माणसाजवळ बसतो, दुसरी कागदाजवळ. परंतु सार्वजनिक आरोग्य या विषयात या दोहोंची गाठ पडते आणि ती कशी पडते हे समजून घ्यायचे असेल तर स्वीडनमधील डॉ. हान्स रॉसलिंग यांच्या जीवनकार्याचा अभ्यास उपयुक्त ठरतो. विशेषतः वैद्यकीय, समाजकार्य, अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या माणसाची ओळख करून घेणे आवश्यक आहे असे वाटते, म्हणून हा लेख.

डॉ. रॉसलिंग यांचा जन्म २७ जुलै १९४८ रोजी स्वीडनमधील उप्साला या गावी झाला. वडील कॉफी भाजण्याच्या कारखान्यात कामगार होते. स्वीडन आज श्रीमंत देश म्हणून ओळखला जातो, पण हान्स चार वर्षांचे असताना आजीच्या घरासमोरील सांडपाण्याच्या उघड्या चरात पडून बुडता बुडता वाचले. आजीने पाय धरून त्यांना बाहेर ओढले. घरात कपडे धुण्याचे यंत्र प्रथम आले तो दिवस त्यांना शेवटपर्यंत आठवत होता. आयुष्यभर कपडे हाताने धुतलेली आजी त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली होती आणि कपडे फिरताना पाहत होती. यंत्राने आईचा जो वेळ वाचला त्या वेळात ती मुलाला घेऊन ग्रंथालयात जाऊ लागली. पुढे हा अनुभव त्यांनी जगभरच्या सभांतून सांगितला. गरिबीतून बाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

उप्साला विद्यापीठात त्यांनी वैद्यकशास्त्राबरोबर सांख्यिकीचाही अभ्यास केला. त्याला स्वीडनची एक पार्श्वभूमी आहे. या देशात १७४९ पासून जन्म आणि मृत्यू यांची देशव्यापी आकडेवारी गोळा केली जात आहे. गावोगावचे धर्मगुरू आपल्या हद्दीतील जन्म-मृत्यू नोंदवीत आणि ते तक्ते वर पाठवीत. पावणेतीनशे वर्षांचा हा हिशेब हाताशी असल्यामुळे आपले पणजोबा कोणत्या रोगाने आणि कोणत्या वयात मरत होते, हे स्वीडनचा विद्यार्थी आकड्यांत पाहू शकतो.

१९७२ साली रॉसलिंग भारतात आले. बंगळूर येथील सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. पहिल्याच वर्गात मूत्रपिंडाचे एक क्ष-किरण चित्र दाखवण्यात आले. ते पाहताच हा कर्करोग आहे हे त्यांनी ओळखले. पण आपण युरोपातून आलेले, उगाच ज्ञान मिरवू नये, म्हणून गप्प बसले. तोच भोवतालच्या विद्यार्थ्यांचे हात भराभर वर गेले. या रोगाचे निदान कसे करतात, तो कसा पसरतो, उपचार कोणते, यावर ते विद्यार्थी कितीतरी वेळ बोलत राहिले. आपण चुकून तज्ज्ञ डॉक्टरांच्या वर्गात येऊन बसलो आहोत असे रॉसलिंग यांना वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की ही मुले त्यांच्यासारखीच चौथ्या वर्षाची आहेत. त्यांचे पाठ्यपुस्तक रॉसलिंग यांच्या पुस्तकाच्या तिप्पट जाड होते आणि त्यांनी ते तीनदा वाचले होते! पाश्चात्त्य देश पुढे आणि बाकीचे कायमचे मागे, ही लहानपणापासूनची समजूत त्या दिवशी ढासळली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. नोव्हेंबर २००९ मध्ये म्हैसूर येथील व्याख्यानातही त्यांनी बंगळूरच्या त्या वर्गाची आठवण काढली. त्याच व्याख्यानात भारत आणि चीन दरडोई उत्पन्नात अमेरिकेची बरोबरी केव्हा करतील याचा दिवस त्यांनी थट्टेने पण हिशेब मांडून सांगितला : २७ जुलै २०४८, म्हणजे त्यांचा शंभरावा वाढदिवस.

आता त्यांच्या जीवनातील मुख्य भागाकडे वळू. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिक हा देश १९७५ साली पोर्तुगालच्या सत्तेतून स्वतंत्र झाला. देशात डॉक्टर अगदी मोजके उरले होते. १९७९ साली रॉसलिंग पत्नी अग्नेता आणि मुले यांच्यासह तेथे गेले आणि उत्तरेकडील नाकाला येथे जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले. जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तीन लाख. तेथील डॉक्टरांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजतानाही बोटे शिल्लक राहत होती.

एकदा दुसऱ्या ठिकाणी काम करणारा एक डॉक्टर मित्र त्यांच्याकडे आला होता. रुग्णालयात एक लहान मूल जुलाबाने अत्यवस्थ होऊन आले. रॉसलिंग यांनी नाकातून नळी घालून मीठ-साखरेचे पाणी देण्यास सांगितले. मित्र संतापला. शिरेतून सलाईन दिले तर मूल वाचण्याची शक्यता जास्त आहे, मग ते का देत नाही, स्वतःच्या मुलाला असेच वागवशील का, असे त्याने विचारले. रॉसलिंग यांचे म्हणणे असे की लहानग्याची शीर शोधून सलाईन लावायला अर्धा तास जातो, परिचारिकेकडून ते नीट होईलच याची खात्री नाही, आणि तेवढ्या वेळात व तेवढ्या शक्तीत आपण बाहेर पुष्कळ अधिक करू शकतो. (मीठ-साखरेच्या पाण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवणारे डॉ. दिलीप महालनबीस हे आपलेच. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत त्यांनी ती वापरली.) वाद मिटला नाही. दोघांनाही मुलांचेच भले हवे होते, त्यामुळे तो मिटण्यासारखाही नव्हता. तेव्हा रॉसलिंग यांनी पत्नीच्या मदतीने एक हिशेब मांडला.

हा हिशेब इतका सोपा आहे की शाळेतील मुलालाही करता येईल, म्हणून येथे सविस्तर देतो. त्या वर्षी रुग्णालयात ९४६ मुले दाखल झाली. त्यांपैकी ५२ दगावली, म्हणजे शंभरात पाच ते सहा. आता जिल्ह्यात एकूण किती मुले दगावली? ती नोंद कोठेच नव्हती. परंतु जनगणनेवरून नाकाला शहरात वर्षाला सुमारे ३,००० जन्म होतात हे माहीत होते. जिल्ह्याची लोकसंख्या शहराच्या पाचपट, म्हणून जिल्ह्यात सुमारे १५,००० जन्म. मोझांबिकमध्ये त्या वेळी शंभरातील २६ मुले पाच वर्षांची होण्यापूर्वी मरत असत. १५,००० चे २६ टक्के म्हणजे ३,९००. एका वर्षात ३,९०० बालमृत्यू, आणि त्यांतील ५२ डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर! शंभरातले सव्वा किंवा फार तर दीड. उरलेली मुले झोपडीत, शेतावर, रस्त्यात, आईच्या मांडीवर गेली. रुग्णालयाच्या दप्तरात त्यांचा मागमूसही नव्हता.

बँकेत काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते. काउंटरवर जो आला त्याची पावती फाटते, खतावणीत नोंद होते, संध्याकाळी सर्व जुळले म्हणजे आपण म्हणतो आजचा दिवस बरोबर आला. परंतु ज्याने बँकेची पायरीच चढली नाही त्याची गरज कोणत्याही पुस्तकात दिसत नाही. जुळलेला हिशेब हा केवळ आलेल्यांचा हिशेब असतो.

रॉसलिंग यांनी या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष कठोर होता. समोरच्या मुलावर सर्व शक्ती खर्च करणे दयाळूपणाचे दिसते. पण त्यामुळे न दिसणारी मुले मरत असतील तर तो दयाळूपणा अपुरा आहे. म्हणून लसीकरण, गावोगावचे आरोग्यसेवक, लहान दवाखाने, मातांना मीठ-साखर-पाणी करण्याचे शिक्षण याकडे वेळ वळवला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय घेणे सोपे नाही. दारात आलेल्या आईला हा हिशेब कसा सांगायचा? मित्राचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही आणि रॉसलिंग यांनीही तो खोटा ठरवला नाही. पुढे अनेक वर्षे ते आपल्या विद्यार्थ्यांना हा वाद दोन्ही बाजूंनी सांगत राहिले.

ऑगस्ट १९८१ मध्ये नाकाला आणि शेजारच्या भागात एक विचित्र आजार उद्भवला. धडधाकट स्त्रिया आणि मुले एकाएकी दोन्ही पायांनी लुळी पडू लागली. ताप नाही, जखम नाही. पाय ताठ होत आणि ते पुन्हा पूर्ववत होत नसत. कोणत्याही पुस्तकात या रोगाचे वर्णन सापडेना. हा संसर्गजन्य असेल काय? युद्धात वापरायचे एखादे विष असेल काय? रॉसलिंग यांनी पत्नीला आणि मुलांना शहराबाहेर पाठवले आणि स्वतः तपासाला लागले.

त्या वेळी घडलेली एक गोष्ट त्यांनी कित्येक वर्षे उघडपणे सांगितली नाही. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या पुस्तकात ती सांगितली आहे. नाकालाच्या नगरप्रमुखांनी विचारले की रोग पसरू नये म्हणून उत्तरेकडून येणाऱ्या बसगाड्या सैन्याकरवी अडवाव्या काय? काहीतरी केले पाहिजे या भावनेने रॉसलिंग यांनी होकार दिला. रस्ता बंद झाला. खेड्यातील स्त्रिया भल्या पहाटे माल विकण्यासाठी शहराच्या बाजारास जात असत. बस येत नाही असे पाहून त्यांनी कोळ्यांना विनंती केली आणि मुलाबाळांसह होड्यांतून समुद्रमार्गे निघाल्या. होड्या उलटल्या. पोहता कोणालाच येत नव्हते. सुमारे वीस माता व मुले आणि त्यांच्याबरोबरचे कोळी बुडून मेले. ज्या रोगासाठी रस्ता बंद केला तो संसर्गजन्य नव्हताच, हे नंतर सिद्ध झाले.

हा प्रसंग येथे मुद्दाम दिला आहे. थोर माणसांच्या चरित्रांतून असे प्रसंग बहुधा गाळले जातात. रॉसलिंग यांनी तो स्वतः लिहून ठेवला, आणि माझ्या मते त्यांच्या लेखनातील सर्वांत मोलाची पाने तीच आहेत. आकडे गोळा करण्यास वेळ लागतो आणि संकटाच्या वेळी वेळ नाही असे वाटते. नेमके तेव्हाच माहितीवाचून केलेली घाई माणसे मारू शकते.

रोगाचे कारण घरोघर जाऊन शोधण्यात आले. मोझांबिकच्या आरोग्य खात्यातील डॉ. ज्यूली क्लिफ यांच्यासारखे सहकारी या कामात होते. नाम्पुला प्रांतात १,१०० हून अधिक रुग्ण मोजले गेले. बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. कोणत्या घरात रुग्ण आहे, कोणत्या नाही, ते काय खातात, केव्हापासून, कसे शिजवतात, हे प्रश्न विचारता विचारता धागा हाती लागला तो कसावाचा. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा बनवतात तोच हा कंद. त्याच्या कडू जातीत सायनाइड हे विष निर्माण करणारे द्रव्य असते. तेथील स्त्रियांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या कंद कित्येक आठवडे उन्हात वाळवीत किंवा भिजत घालून आंबवीत. त्यामुळे विष निघून जात असे. परंतु त्या वर्षी भयंकर अवर्षण पडले. इतर पिके जळाली, कडू कसावा तेवढा टिकला. भुकेली मुले रडत असताना आठवडेच्या आठवडे थांबणार कोण? कंद अर्धवट वाळवून खाल्ले गेले. जोडीला डाळ, मासे, मांस काहीच नव्हते, आणि शरीराला सायनाइडचा निचरा करण्यासाठी प्रथिनांतील गंधकयुक्त घटक लागतात. विष वाढले आणि त्याचा निचरा करणारे द्रव्य मात्र घटले. विदर्भात आणि मध्य प्रदेशात लाखोळीची डाळ दीर्घकाळ खाऊन पाय लुळे पडल्याची उदाहरणे जुन्या लोकांना माहीत आहेत. त्या रोगाशी याचे पुष्कळ साम्य आहे. दोन्ही रोग गरिबाच्याच घरी जातात.

या संशोधनावर रॉसलिंग यांना १९८६ साली उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. काँगोच्या क्वांगो भागातील लोक अशाच आजाराला ‘कोन्झो’ म्हणतात; तेच नाव या रोगास शास्त्रीय लेखनातही रूढ झाले. सुमारे दोन दशके ते आफ्रिकेच्या दुर्गम भागांत या रोगाचा माग काढीत हिंडले आणि दहाहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली.

१९८९ साली तेव्हाच्या झाईर देशातील माकांगा या खेड्यात ते रक्ताचे नमुने घेण्यास गेले होते. लोकांना आपला हेतू नीट समजावून सांगितला गेला नाही आणि कोयते उगारलेला जमाव अंगावर आला. परके लोक आमचे रक्त विकायला नेत आहेत, असा त्यांचा समज झाला होता. तेवढ्यात पन्नाशीची एक अनवाणी बाई पुढे झाली. तिने गावकऱ्यांना विचारले, पूर्वी गोवराने आपली किती मुले जात होती ते आठवते का? लस आली आणि ते थांबले. ती लस काय झाडाला लागली होती? दूरदेशीच्या लोकांनी संशोधन केले म्हणून ती मिळाली. हे डॉक्टरही आपल्या लोकांचे पाय का लुळे पडतात ते शोधायला आले आहेत. एवढे बोलून तिने आपला हात डॉक्टरांपुढे केला आणि माझे रक्त घ्या म्हणाली. जमाव शांत झाला आणि रक्त देण्यासाठी रांग लागली. ही बाई लिहायला-वाचायला शिकलेली असण्याची शक्यता कमीच. तरी संशोधन कशासाठी करतात हे तिला कळले होते, आणि शिकल्यासवरल्यांनाही ते इतक्या थोडक्यात सांगता येणार नाही. रॉसलिंग यांनी तिला आपले प्राण वाचवणारी म्हणून अखेरपर्यंत स्मरणात ठेवले.

स्वीडनमध्ये परतल्यावर ते अध्यापनाकडे वळले आणि पुढे स्टॉकहोम येथील प्रख्यात कॅरोलिन्स्का वैद्यकीय विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्य या विषयाचे प्राध्यापक झाले. १९९५ च्या सुमारास वर्गात युनिसेफचा तक्ता घेऊन ते मुलांना वाचायला लावीत. सौदी अरेबियात १९६० साली हजारी २४२ मुले पाच वर्षांच्या आत मरत होती. ३३ वर्षांत हा आकडा ३५ वर आला. एवढेच अंतर कापायला स्वीडनला ७७ वर्षे लागली होती. विद्यार्थी चकित होत. त्यांच्या डोक्यात ‘आपण’ आणि ‘ते’ अशा दोनच कप्प्यांचे जग होते. बालमृत्युदर म्हणजे समाजाचा ताप मोजण्याचे थर्मामीटर, असे रॉसलिंग समजावून सांगत. मूल जगते तेव्हा त्यामागे शुद्ध पाणी, आईचे शिक्षण, लस, दवाखान्याचा रस्ता, पोटभर अन्न हे सर्व आलेले असते.

त्यांनी घेतलेली एक चाचणी विद्यार्थी वाचकांनी स्वतः करून पाहावी. त्या काळातील देशांच्या पाच जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतील एका देशात बालमृत्युदर दुसऱ्याच्या किमान दुप्पट होता. तो देश कोणता? श्रीलंका-तुर्कस्तान, पोलंड-दक्षिण कोरिया, मलेशिया-रशिया, पाकिस्तान-व्हिएतनाम, थायलंड-दक्षिण आफ्रिका. पुढे वाचण्यापूर्वी पेन्सिलने खूण करावी. उत्तरे अशी : तुर्कस्तान, पोलंड, रशिया, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका. स्वीडनच्या हुशार विद्यार्थ्यांना पाचपैकी सरासरी १.८ गुण मिळाले. आता प्रत्येक जोडीसाठी दोन केळ्यांवर नावे चिकटवून ती माकडापुढे ठेवली, तर नुसत्या योगायोगाने त्याला अडीच गुण मिळतील! म्हणजे प्रश्न निव्वळ अज्ञानाचा नव्हता. काहीच माहीत नसणारा निम्मे तरी बरोबर सांगतो. चुकीचे ठामपणे माहीत असणारा त्याच्याही खाली जातो. नंतर हीच चाचणी त्यांनी प्राध्यापकांना दिली, आणि त्यांची गाडी माकडांच्या बरोबरीपर्यंतच पोचली.

तक्ते वाचून मुलांच्या डोक्यातील जग बदलत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रांचा मार्ग धरला. आडव्या रेषेवर उत्पन्न, उभ्या रेषेवर आयुर्मान, प्रत्येक देश म्हणजे एक रंगीत फुगा आणि फुग्याचा आकार लोकसंख्येएवढा. मुलगा ओला आणि सून अॅना यांनी संगणकावर अशी सोय केली की साल पुढे सरकेल तसे फुगे हलतील. २००५ साली तिघांनी मिळून गॅपमाइंडर ही संस्था स्थापन केली. २००६ साली अमेरिकेत दिलेल्या एका व्याख्यानाने ते जगप्रसिद्ध झाले आणि २००७ साली गूगल कंपनीने ते सॉफ्टवेअर विकत घेतले. २०१० साली बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी दोनशे देशांचा दोनशे वर्षांचा इतिहास चार मिनिटांत फुग्यांच्या साह्याने सांगितला. एका व्याख्यानाच्या शेवटी तर त्यांनी खरीखुरी संगीन गिळून दाखवली. अशक्य वाटणारी गोष्टही शक्य असते, हे पटवण्यासाठी प्राध्यापकाने इतके करावे का, यावर मतभेद होऊ शकतात. झोपलेला वर्ग मात्र कोणत्याही देशात सारखाच असतो.

यापेक्षा महत्त्वाचे, पण कमी गाजलेले काम म्हणजे आकडेवारी मोफत व्हावी म्हणून त्यांनी धरलेला आग्रह. जनतेच्या पैशातून गोळा केलेले आकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संगणकात कुलूपबंद असत आणि विद्यार्थ्याला ते विकत घ्यावे लागत. रॉसलिंग यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे जाहीरपणे बोलणे चालू ठेवले. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँकेने आपली आकडेवारी सर्वांना विनामूल्य खुली केली. आज तालुक्याच्या गावचा विद्यार्थी मोबाइलवर कोणत्याही देशाचा बालमृत्युदर पाहू शकतो, त्यात या आग्रहाचाही वाटा आहे.

सरासरी फसवी असते हा आक्षेप त्यांना ठाऊक होता. म्हणून २००६ च्या त्या व्याख्यानातच त्यांनी युगांडासारख्या देशाचा फुगा फोडून उत्पन्नाप्रमाणे त्याचे पाच फुगे करून दाखवले. सर्वांत गरीब पाचवा हिस्सा आणि सर्वांत श्रीमंत पाचवा हिस्सा एकाच देशात किती दूर राहतात ते त्यातून दिसले. तरीही काही अभ्यासकांनी टीका केली की रॉसलिंग प्रगतीची बाजू अधिक रंगवतात. पर्यावरणाची हानी आणि विषमता यांवरून ते लवकर पुढे जातात. या टीकेत तथ्य आहे असे मला वाटते. मात्र वाईटाची बाजू मांडतानाही ते फुगवून सांगायला तयार नव्हते हेही तितकेच खरे. त्यांनीच लिहिले आहे की अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी हवामानबदलाचा केवळ सर्वांत भयंकर अंदाज फुग्यांतून दाखवण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा त्यांनी नकार दिला. इतर अंदाजही सोबत दाखवले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता.

याची खरी कसोटी २०१४ साली लागली. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली होती. रॉसलिंग त्या वेळी ६६ वर्षांचे होते. ते लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया येथे गेले आणि तेथील आरोग्य खात्यात आकडेवारीच्या टेबलाशी जाऊन बसले. जगभर जे आलेख दाखवले जात होते त्यांत ‘संशयित’ रुग्णही मिळवलेले होते. संशयितांपैकी पुष्कळांना इबोला नव्हताच. आमच्या भाषेत सांगायचे तर वटण्यासाठी जमा केलेले सर्व धनादेश वटले असे धरून शिल्लक काढण्यासारखा हा प्रकार होता. प्रयोगशाळेने खात्री केलेले रुग्ण वेगळे मांडल्यावर दिसले की साथ उतरणीला लागली आहे. लोकांनी प्रेतांना स्पर्श न करण्याचे, रुग्णास वेगळे ठेवण्याचे जे कष्ट घेतले होते त्यांना फळ आले होते. देणगीदारांचे लक्ष उडू नये म्हणून जुनाच आलेख चालू ठेवावा, असे मानणारे अधिकारीही होते. रॉसलिंग यांना ते मान्य झाले नाही. एकदा फुगवलेला आकडा उघडा पडला की पुढच्या खऱ्या संकटात कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि आपले प्रयत्न यशस्वी होत आहेत हे लोकांना कळले नाही तर ते प्रयत्न सोडून देतील, असे त्यांचे मत होते. नाकालाचा बंद रस्ता आणि मोनरोव्हियाचा हा आलेख, दोन्ही गोष्टी त्यांनी पुस्तकाच्या एकाच प्रकरणात लिहिल्या आहेत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ठरलेली ६७ व्याख्याने रद्द करून ते मुलगा आणि सून यांच्याबरोबर पुस्तक लिहायला बसले. २ फेब्रुवारी २०१७ रोजी रुग्णवाहिका घरी आली तेव्हा काही प्रकरणांच्या छापील प्रती त्यांनी स्ट्रेचरवर सोबत घेतल्या होत्या. समासात हाताने दुरुस्त्या केलेल्या. ७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. ‘फॅक्टफुलनेस’ हे ते पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि ९४६ मुले, ५२ मृत्यू, ३,९०० मृत्यू हा नाकालाचा हिशेब त्यात जसाच्या तसा छापलेला आहे.